पाण्याची रेघ

पाण्यावर ओढलेली रेघ टिकत नाही, असं आपण म्हणतो. पाण्याने ओढलेली रेघ मात्र टिकते. नानांच्या बरणीवर तशी एक होती. एक कसली, एकाखाली एक सात-आठ होत्या. पांढुरक्या, खरखरीत, नखाने खरवडल्या तरी न निघणाऱ्या.

नाना आमच्या समोरच्या दारात राहतात. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, इमारतीला लिफ्ट नाही. शाळेत 34 वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले, आणि वर्गात मुलं उरली नाहीत म्हणून जिन्यात आम्हाला शिकवू लागले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर एक मोठी काचेची बरणी होती आणि त्या बरणीतून निघालेला मनीप्लांटचा वेल. मातीचा कण नाही, नुसतं पाणी. वेल खिडकीच्या गजांवरून पडद्याच्या दांडीवर चढला होता, तिथून घड्याळामागून जाऊन माईंच्या तसबिरीला अर्धा वळसा घालून थांबला होता. जागोजागी खिळे आणि सुतळी. आलेला पाहुणा आधी वेलाकडे बघायचा आणि मग चप्पल काढायचा.

माई म्हणजे नानांची आई. वेल मूळचा त्यांचा, गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीतला. तिथे तो टॉनिकच्या तपकिरी बाटलीत असे. माईंचं शास्त्र चार वाक्यांचं होतं आणि चाळीत ते सगळ्यांना पाठ होतं. पाणी रात्रभर निवलेलं घ्यावं. पेर पाण्यात बुडावं, पान बुडू नये. बाटली काळोखी असावी, मुळांना उजेड सोसत नाही. आणि दर शनिवारी जुनं पाणी तुळशीला घालून, बाटलीत मूठभर वाळू टाकून ती खळखळा हलवावी, मगच नवं पाणी भरावं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्यावर ठेवलं की बरंचसं उडून जातं, पारदर्शक काचेत उजेड शिरला की शेवाळ धरतं, ही कारणं नंतर नाना सांगत. माईंना कारणांची गरज नव्हती. त्यांना शनिवार पुरे होता.

मनीप्लांट विकतचा लाभत नाही, चोरलेलाच लाभतो, असा एक समज आहे. चाळीतल्या नव्या नवऱ्या माईंकडे यायच्या, तेव्हा त्या हातात कात्री द्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. "मी पाठ करते, तू चोर." अशा चोऱ्या होऊन होऊन त्या मजल्यावर एकही गॅलरी कोरडी राहिली नव्हती. धाकटा बाळू लग्नानंतर डोंबिवली पश्चिमेला बिऱ्हाड करून राहिला, तेव्हा त्यालाही माईंनी असाच चोरू दिला होता.

नाना आणि बाळू यांच्यात दहा वर्षांचं अंतर. बाळूला वाढवला नानांनीच, असं म्हटलं तरी चालेल. नानांची एक आवडती गोष्ट होती, ती मी जिन्यात निदान पाच वेळा ऐकली असेन. हेल्मोंट नावाचा एक माणूस होता. त्याने कुंडीत 200 पौंड कोरडी माती घेतली, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं 169 पौंड 3 औंस, आणि माती घटली होती जेमतेम 2 औंस. हेल्मोंटने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनतं. त्याचं पुस्तक तो गेल्यावर 1648 साली छापलं गेलं. "औंसापर्यंत हिशेब चोख," नाना म्हणायचे, "पण उत्तर चुकलं. का?" आणि मग स्वतःच सांगायचे, "गॅलरीत बसून मी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमचा बाळू दहा वर्षांचा होता. पटकन म्हणाला, नाना, त्याने हवेचं वजन केलंच नाही!" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. मग एकदम आठवल्यासारखं करून ते किल्ली शोधू लागायचे.

कारण त्या गोष्टीतला बाळू आणि आताचा बाळू यांच्यामध्ये नुसते रेल्वेचे रूळ नव्हते.

माई शेवटची दोन वर्षं नानांकडे होत्या. व्हीटीहून फास्ट लोकलने आल्या, ती बाटली मांडीवर घेऊन. आधी खुबा मोडला, मग मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. गिरगावची खोली सोडावी लागली, तिचे पैसे आले, ते औषधपाण्यात गेले. माई गेल्या. तेराव्याला जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी सुपारी कातरत बसली होती, आणि बाळू म्हणाला, "नाना, खोलीचा हिशेब एकदा बसून बघू या का?"

वाक्य साधं होतं. ऐकायला सहा माणसं होती.

नाना "बघू" म्हणाले. झालं. त्यानंतर बारा वर्षं कोणी काही बघितलं नाही. हिशेब नव्हता असंही नाही. तो एका जुन्या दैनंदिनीत नानांच्या टपोऱ्या अक्षरात तारीखवार लिहिलेला होता आणि ती दैनंदिनी कपाटात साड्यांखाली होती. पण मागितला म्हणून द्यायचा, हे नानांच्या जिवावर येई, आणि एकदा मागून झाला म्हणून पुन्हा मागायचा, हे बाळूच्या. त्या दिवसापासून आणखी एक गोष्ट झाली. तोवर बाळू नानांना अरेतुरे करत असे. आता "नाना, तुम्ही बसा", "नाना, तुम्ही घ्या" सुरू झालं. आमच्याकडचे लोक म्हणत, बघा, धाकटा भाऊ कसा मान देतो.

वर्षातून तीनदा तो येई. गणपतीत पहिल्या दिवशीच्या आरतीला, पितृपक्षात माईंच्या तिथीला आणि दिवाळीच्या पाडव्याला. काजूकतलीचा खोका घेऊन येई, चकल्यांचा डबा घेऊन जाई. बोलणं पावसाचं, मेगाब्लॉकचं, नारळाच्या भावाचं. "वेल कसा आहे तुझ्याकडचा?" नाना विचारायचे. "छान," तो म्हणायचा. आमच्या गावाकडे भाऊ बांधावरून कुऱ्हाडी काढतात. त्या मानाने हे दोघे मला देवमाणसं वाटायचे. एवढंच लक्षात येई की तो येऊन गेला की पुढचा आठवडाभर नानांना काहीतरी चावत असे. काकूंवर खेकसत, पेपरवाल्याशी वाद घालत, रात्री दोनला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा दिसे.

आता बरणीकडे येतो.

माई गेल्यावर नानांनी वेल तपकिरी बाटलीतून काढून त्या मोठ्या पारदर्शक बरणीत लावला. मुळं दिसावीत म्हणून. शिक्षकाला दाखवण्याची हौस असतेच. सुरुवातीला ते शनिवारी पाणी बदलत. मग वेल वाढला, घड्याळामागे गेला, बरणी जागेवरून हलवली की पानं तुटू लागली, तेव्हा त्यांनी सोपा मार्ग काढला. पाणी खाली गेलं की वरून तांब्याने भर घालायची. रविवारी सकाळी तांब्याभर पाणी आणि त्यात चिमूटभर एकोणीस-एकोणीस-एकोणीस. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही 19 टक्के, ते पाण्यात विरघळणारं खत. बरणी सदा भरलेली दिसायची. काकू अधूनमधून म्हणायच्या, "अहो, पाणी एकदा बदला. वास येतो." त्यावर नानांकडे उत्तर तयार होतं. इंग्लंडात वुडवर्ड म्हणून एकाने 1699 साली प्रयोग छापलेला आहे, पुदिना पाण्यात वाढवला, पावसाच्या, थेम्सच्या आणि बागेतली माती कालवलेल्या पाण्यात, आणि सगळ्यात जास्त वाढला तो मातकट पाण्यातला. स्वच्छ पाण्यातला खुरटला. "तेव्हा पाणी जरा गढूळच बरं."

वुडवर्डचा प्रयोग खरा आहे. पण त्याच्या पाण्यात बागेतली माती होती, बारा वर्षांचा गाळ नव्हता. शिकलेल्या माणसाला आळसासाठीसुद्धा संदर्भ सापडतो, हे मात्र मला तेव्हा कळलं.

गेल्या पावसाळ्यात, गणपती नुकते होऊन गेले होते, आमच्या धाकट्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी डोळ्यांमागे दुखतंय म्हणू लागला, रक्त तपासलं, डेंग्यू. प्लेटलेट 62,000 वर आल्या तेव्हा दवाखान्यात ठेवावं लागलं. पाच दिवसांनी घरी आला. पण रुग्ण सापडला की पालिकेची माणसं आजूबाजूची घरं तपासतात, त्याप्रमाणे एक बाई आल्या. तिशीच्या, खांद्याला पिशवी, हातात टॉर्च आणि वही. आमच्याकडचा पिंप, फ्रिजमागची ताटली, कूलर सगळं पाहिलं. मग समोर गेल्या. मीही मागून गेलो.

त्यांनी बरणीवर टॉर्च मारला.

"काका, हे पाणी कधी बदललं होतं?"

"लक्ष असतं माझं. कमी झालं की घालतो."

"घालता ते ठीक. काढता कधी?"

नानांनी वुडवर्ड सुरू केला. बाईंनी ऐकून घेतला, त्या कामात ऐकून घेण्याची सवय लागत असावी. मग काकूंकडून पांढरी वाटी आणि पळी मागून घेतली, पळीने वरचं पाणी काढलं आणि वाटी नानांच्या पुढ्यात धरली. वाटीत आठ-दहा अळ्या आकडे टाकत फिरत होत्या. दोन-तीन स्वल्पविरामासारखे कोषही होते.

"पण मी भर घालतो ते ताजं पाणी असतं," नाना म्हणाले. आवाज बसला होता.

"तेच सांगते काका. ह्या डासाची मादी पाण्यात अंडी नाही घालत. पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवते. इथं, ह्या रेघेवर." त्यांनी बरणीवरच्या पांढुरक्या रेघांवर बोट ठेवलं. "पाणी खाली गेलं की अंडी सुकतात. मरत नाहीत. महिनोन्‌महिने तशी राहतात. तुम्ही वरून ताजं पाणी घातलं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं, की फुटतात. आठ-दहा दिवसांत डास."

"म्हणजे मी घातलेल्या पाण्यानेच—"

"हो. आणि नुसतं ओतून टाकून भागत नाही. अंडी भांड्यालाच राहतात. घासावं लागतं."

त्यांनी वहीत लिहिलं, तपासलेले कंटेनर 6, दूषित 1. नोटिशीचं काही बोलल्या नाहीत. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणाल्या आणि वरच्या मजल्यावर गेल्या. नानांनी सातवीच्या वर्गात डासाचं जीवनचक्र किती वेळा फळ्यावर काढलं असेल. अंडी, अळी, कोष, डास, बाण, बाण, बाण. त्या चित्रातलं अंडं कायम पाण्यावर तरंगत असे.

बरणी आम्ही दोघांनी मोरीत नेली. त्यासाठी वेल तीन ठिकाणी सोडवावा लागला, आणि माईंच्या तसबिरीभोवतीचा भाग नानांनी स्वतः सोडवला. पाणी ओतलं तेव्हा सडक्या अंड्यासारखा दर्प आला. तळाशी बोटभर काळा चिखल. मुळांचा गुंता बरणीच्या आकाराचा झाला होता आणि तो जवळजवळ सगळा तपकिरी होता. एखादं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटून हातात येई आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरे. अगदी वर, पाण्याच्या पृष्ठभागालगत, चार-दोन मुळं पांढरी होती. खाली हवा पोचत नव्हती, वर थोडी लागत होती. तेवढ्या मुळांवर घड्याळापलीकडचा सगळा संसार चालला होता. शेवटची पानं का लहान होत गेली आणि कडा का करपल्या, हे पाहुण्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

नाना स्टुलावर बसून रेघांवर अंगठा फिरवत होते. "मिठागरात काय होतं रे?" त्यांनी विचारलं. मी गप्प राहिलो. हा प्रश्न मला नव्हता. "पाणी उडतं, मीठ राहतं. भांडुपच्या पुढे गाडीतून दाखवायचो मी मुलांना. आणि इथे दर रविवारी चिमूट चिमूट टाकत होतो. वेलाने प्यायचं तेवढं प्यायलं, बाकीचं सगळं इथेच."

मग म्हणाले, "तुझ्या पोराला माझ्याच बरणीतला चावला असणार."

"नाना, डासाच्या पायाला पत्ता बांधलेला नसतो."

"नसतो," ते म्हणाले. "पण बरणीला असतो."

काकूंनी कात्री उकळून दिली आणि चीक हाताला लागू देऊ नका म्हणून बजावलं, खाज सुटते. मनीप्लांटच्या पेराजवळ एक बारीक तपकिरी खुंट असतो, मुळं तिथून फुटतात. पेराच्या अर्धा इंच खाली कापायचं, दोन-तीन पेरांची कांडी करायची, खालचं पान काढायचं. सडलेलं सगळं टाकून दिलं तेव्हा त्या खोलीभर वेलातून धड अशा अकरा कांड्या निघाल्या. भिंतीवर नुसते खिळे उरले. काकू माळ्यावर चढल्या आणि जुन्या पातेल्यांमागून माईंची तपकिरी बाटली काढून आणली. नानांनी ती वाळू घालून खळखळवली. मोठ्या बरणीलाही वाळूने, चिंचेने, मग तारेच्या घासणीने भिडले. रेघा फिक्या झाल्या, गेल्या नाहीत. बरणी त्यांनी उपडी घालून ठेवली ती ठेवलीच.

रात्री एकपर्यंत त्यांच्याकडे दिवा होता.

रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. एका हातात माईंची बाटली, तिच्यात सहा कांड्या. काखेत दैनंदिनी. "पश्चिमेला जायचंय. पुलाचा जिना आहे, माझा गुडघा तुला माहीत आहे. सोबत येतोस का?" गुडघा मला माहीत होता. भाजी आणायला तोच गुडघा रोज तीन मजले उतरत होता.

बाळूच्या घरी आम्हाला पाहून गडबड उडाली. सणवार नसताना नाना कधी आलेच नव्हते. खिडकीशी, जिथे वेल असायला हवा होता, तिथे एक रिकामा खिळा होता. नाना त्याच्याकडे बघत राहिले. बाळू म्हणाला, "सहा-सात वर्षं झाली. सुकला." एवढंच.

नानांनी दैनंदिनी टेबलावर ठेवली. "तू मागितलेला हिशेब."

बाळू आधी घेईना. मग चष्मा लावून वाचू लागला, बोट ओळीवरून सरकवत. खोलीचे आलेले पैसे. दवाखाना. औषधं 2,310. रात्रीची बाई. रुग्णवाहिका. शेवटी उरले 11,240. मी भिंतीवरचं कालनिर्णय पाठ करत होतो. बाळूने शेवटचं पान उलटलं, पुन्हा मागे गेला, पुन्हा शेवटी आला.

"चोख आहे," तो म्हणाला. "औंसापर्यंत. हवा तेवढी राहिली, नाना."

नानांचा चेहरा पडला. मला काही कळलं नाही. बाळूच्या बायकोला कळलं असावं, ती चहाचा ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"पाटल्या," नाना म्हणाले.

माईंच्या दोन पाटल्या होत्या. त्या नमूला, नानांच्या मुलीला, द्यायच्या असं माईंनी जायच्या आधी आठवडाभर सांगितलं होतं. सांगितलं तेव्हा खोलीत नानांशिवाय कोणी नव्हतं. हिशेबात लिहायच्या तर पुरावा काय, आणि न लिहायच्या तर हिशेब दाखवायचा कसा. म्हणून साड्यांखाली.

"लग्नात नमूच्या हातात बघितल्या मी," बाळू म्हणाला. "तेव्हाच ओळखल्या. मला वाटलं, आज सांगतील. उद्या सांगतील. दर पाडव्याला वाटायचं."

"सांगितलं असतं तर तुझा विश्वास बसला असता?"

"तुम्ही विचारलंत का मला?" बाळूचा आवाज चढला. "एकदा तरी विचारलंस? बारा वर्षं तू मला काजूकतली खाऊ घालतोयस, नाना!"

काजूकतली खरं तर तोच आणायचा. कोणी दुरुस्ती केली नाही.

मग जे झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. सहा माणसांत तू मला चोर ठरवलंस, असं नाना म्हणाले. ठरवलं, पण तशी जागा तू ठेवलीस, असं बाळू म्हणाला. आईच्या आजारपणात तू किती रात्री जागलास, हे निघालं. आणि मला किती रात्री जागू दिलंस, हेही निघालं. नानांनी त्याच्या फीसाठी विकलेली सायकल निघाली, जी बहुधा 1975 सालची असावी. बाळूच्या बायकोने मध्येच विचारलं, "आणि आमची पोर नात नव्हती का माईंची? एक पाटली तिला का नाही?" त्याला नानांकडे उत्तर नव्हतं. मीही दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, माझ्याकडेही नव्हतं. चहावर साय धरली. शेजारच्या बाईंनी काहीतरी निमित्ताने बेल वाजवून बघून घेतलं.

दीड तासाने दोघेही दमले. नानांनी खिशातून पाकीट काढलं. उरलेल्याचा अर्धा, 5,620. बाळूने हात लावला नाही. त्याच्या बायकोने पाकीट उचललं, समोरच मोजलं आणि कपाटात ठेवलं. मला ते आवडलं.

बाटली टेबलावरच होती. बाळूने ती उचलली, उजेडाकडे धरली, तळाशी नखाने टिचकी मारली. लहानपणी गॅलरीत त्याने ती कितीदा फोडता फोडता वाचवली असेल.

"ह्यातल्या किती माझ्या?"

"घे की तुला हव्या तेवढ्या."

"तशा नाही लागत," बाळू म्हणाला. "पाठ कर."

नाना उठले. गुडघ्यावर हात टेकून उठावं लागलं. भिंतीकडे तोंड करून, कालनिर्णयाच्या पुढ्यात, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे उभे राहिले. मागे पाण्याचा आवाज झाला. बाळूने बराच वेळ लावला. तीन कांड्या काढायला एवढा वेळ लागत नाही.

येताना बाटली नानांच्या हातात नव्हती. उरलेल्या तीन कांड्या ओल्या रुमालात गुंडाळून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवल्या होत्या. पुलावर गर्दी होती. एकदाच थांबले आणि म्हणाले, "पाटलीचं ती बरोबर बोलली." मग पुढे चालू लागले.

आता नानांच्या खिडकीत जुन्या सॉसच्या बाटल्या आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून दोरा बांधलेल्या. पाहुण्याने मुद्दाम बघावं असं त्यात काही नाही. शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून वाळूचा खळखळ आवाज येतो, आणि त्याच सुमारास त्यांचा फोन वाजतो. गेल्या शनिवारी मी दारातच होतो.

"बदललं का?" नाना मोठ्याने विचारत होते. त्यांना फोनवर हळू बोलता येत नाही. "हो, मी पण. मुळं? ... नाही रे, माझ्याकडे पण नाहीत अजून. एकाला खुंट जरा पांढरा झालाय असं वाटतं. वाटतं नुसतं. तुझ्याकडे? ... बरं. बरं. रोज काढून बघू नकोस."